दवाखान्याच्या ग्रुपवर उत्तर कोण देतं?

डिसेंबर 2024 संपत आला तेव्हा शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत माणसांचे केस गळायला लागले. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस हाताला यायचे आणि दोन-तीन दिवसांत टक्कल पडायचं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुठीत केस धरलेल्या हातांचे व्हिडिओ बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी पोहोचले. शेगाव घाटाखाली, मेहकर घाटावर, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. पण मोबाइलला घाट चढावा लागत नाही. ‘टक्कल व्हायरस’ हे नावही कुणीतरी देऊन टाकलं आणि ते चिकटलं.

आरोग्य खात्याची पथकं गावात गेली, पाण्याचे नमुने घेतले. हा खारपाणपट्टा. इथल्या पाण्याबद्दल लोकांच्या मनात आधीपासूनच शंका, त्यामुळे नायट्रेटची चर्चा लगेच सुरू झाली. मग बुरशीजन्य संसर्गाचं नाव पुढे आलं. आयसीएमआरचे शास्त्रज्ञ रक्त, केस, पाणी आणि धान्य यांचे नमुने घेऊन गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. हे तेच महाडचे बावस्कर, विंचूदंशावरच्या उपचारांमुळे जगभर माहीत झालेले. अठरा गावांतल्या 279 जणांना हा त्रास झाल्याची नोंद तोवर झाली होती.

कारण शोधायला वेळ लागला याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळा रीलच्या वेगाने चालत नसते. प्रश्न त्या मधल्या आठवड्यांचा आहे. तेवढ्या काळात कुणी भीतीपोटी मुंडण करून घेतलं, कुणी तेलं आणि शाम्पू बदलले, या गावांत सोयरीक जुळवायला लोक कचरतात अशाही बातम्या आल्या. अधिकृत माहिती जिथे थांबते तिथे फॉरवर्ड सुरू होतो. खात्याकडे उत्तर नसलं तरी रोज सांगण्यासारखं बरंच असतं: आज किती नमुने गेले, अहवाल कधी यायचा आहे, तोवर काय करायचं, आणि हा आजार एकापासून दुसऱ्याला होतो असं काही दिसलंय का.

मेहकर तालुक्यात उद्या असं काही उद्भवलं तर? साथ येईल, पाणी दूषित होईल, एखाद्या कार्यक्रमात जेवणातून विषबाधा होईल. डोणगाव, जानेफळ, हिवरा आश्रम, कुठेही. गावाचा ग्रुप आहे, ग्रामपंचायतीचा आहे, शाळेचा आहे, आशाताईंचा आहे. निरोप जायला मिनिट लागत नाही. निरोपाखाली पहिला प्रश्न आला की मात्र शांतता पसरते, कारण उत्तर द्यायचं कोणी हे ठरलेलंच नसतं. पूर्वी दवंडी द्यायला कोतवाल यायचा. शंका असली तर लोक त्यालाच धरून विचारायचे. मोबाइलवरच्या परिपत्रकाला असं धरता येत नाही.

म्हणून पहिलं काम माणूस नेमण्याचं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा उपकेंद्राच्या पातळीवर एक जण, आणि तो रजेवर असेल तर दुसरा. त्याचं नाव, हुद्दा आणि नंबर प्रत्येक निरोपाच्या खाली. निरोपावर तारीख आणि वेळ हवीच, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या वर्षीचा निरोपही काल आल्यासारखा फिरतो. पत्राचा तिरका फोटो टाकू नये; त्यातली बारीक अक्षरं साठीच्या माणसाला वाचता येत नाहीत. मजकूर टाइप करून टाकावा आणि सोबत एक मिनिटाची व्हॉइस नोट द्यावी, ओळखीच्या सिस्टरच्या आवाजात, इथल्या बोलीत. ‘सर्व संबंधित लाभार्थ्यांनी सत्राचा लाभ घ्यावा’ असं लिहिल्यानं कुणी घरातून निघत नाही. ‘मंगळवारी सकाळी 10 वाजता अंगणवाडीत बाळांना डोस आहेत. कार्ड घेऊन या. ताप असेल तरी या, सिस्टर बघून ठरवतील.’ एवढ्यानं माणूस निघतो, कारण त्याच्या मनातल्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलेलं असतं.

संकटाच्या दिवसांत याच निरोपात तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात: काय कळलंय, काय अजून कळलेलं नाही आणि पुढची माहिती कधी मिळेल. संध्याकाळी 6 ला सांगू म्हटलं तर 6 ला सांगावंच, नवीन काही नसलं तरी. ‘अहवाल अजून आलेला नाही, उद्या पुन्हा सांगतो’ हाही निरोपच. अधिकाऱ्यांना ‘माहीत नाही’ म्हणायला संकोच वाटतो हे खरं, पण आज पाणी, उद्या बुरशी, परवा आणखी काही असं ठामपणे सांगत गेलं तर चौथ्या दिवशी खरं कारणही कुणी मानत नाही.

आता ग्रुपमध्ये बसलेल्या वाचकांकडे वळू. अफवेनं काय होतं हे महाराष्ट्राने 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्या महिन्यात देशभर अशा घटनांवरून गदारोळ झाला आणि व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या दिवसांत, खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. अशा संदेशावर दुहेरी बाण दिसतो. तो बाण दिसला आणि मजकूर औषधाचा असला, तर बोट तिथेच थांबवावं.

आरोग्याच्या खोट्या संदेशाची ठेवण ओळखता येते. डॉक्टरचं नाव असतं पण गाव नसतं, किंवा मोठ्या हॉस्पिटलचं नाव असतं पण तारीख नसते. एकच पदार्थ साखर, बीपी, गुडघे आणि मूतखडा या सगळ्यांवर चालतो. आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करायला 1954 च्या एका केंद्रीय कायद्याने बंदी आहे. ती जाहिरात यूट्यूबवर असली म्हणून कायदा बदलत नाही. अलीकडे तर नामांकित डॉक्टरांचे चेहरे आणि आवाज हुबेहूब बनवून औषधं विकली जातात. तोंडाची हालचाल जुळते का हे तपासत बसण्यापेक्षा सोपी कसोटी आहे: हा डॉक्टर जे औषध विकतोय ते गावातल्या मेडिकलमध्ये मिळतं का, आणि नसेल तर पैसे आधी का मागतोय?

चुकीचा संदेश टाकणारा बहुधा घरातलाच असतो. काका, मामा, निवृत्त गुरुजी. त्यांना चारचौघांत खोटं पाडलं तर ते दुखावतात आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन संदेश टाकतात. त्यांना वेगळा फोन करावा, ‘मामा, हे मी डॉक्टरांना विचारलं, ते असं म्हणाले’ एवढंच सांगावं आणि दुरुस्ती त्यांच्याच हातून ग्रुपवर टाकून घ्यावी. मान त्यांचा राहतो आणि निरोपही दुरुस्त होतो. संदेश कारवाई करावी इतका घातक असेल तर गोष्ट वेगळी, पण असे थोडे.

फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेणं ही खरोखर मोठी सोय आहे आणि मेहकरसारख्या ठिकाणी ती पुरेशी वापरली जात नाही. बुलढाण्यात 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तरी मोठ्या आजाराला आजही अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरली जाते. एका फेरीत मजुरीचा दिवस, गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाचा दिवसही जातो. तपासणीचे आकडे दाखवायला आणि गोळीचं प्रमाण कमी-जास्त करायला दर वेळी एवढं कशाला? केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा यासाठीच आहे. स्मार्टफोन नसला तरी चालतो. गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जुन्या उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. ते आपल्या संगणकावरून डॉक्टरांशी, गरज पडल्यास तज्ज्ञांशी जोडून देतात. बीपी, साखर तिथेच मोजता येते, त्यामुळे पलीकडच्या डॉक्टरांना अंदाजाने बोलावं लागत नाही. म्हाताऱ्या माणसासाठी घरच्या मोबाइलवर धडपडण्यापेक्षा हा रस्ता चांगला.

खासगी डॉक्टरांशी फोनवर बोलतानाही नियम आहेत. 25 मार्च 2020 ला देशात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं लागू झाली, टाळेबंदीच्या अगदी पहिल्या दिवशी. त्यानुसार डॉक्टरांनी चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक द्यायचा असतो आणि रुग्ण कोण, वय काय हे विचारून घ्यायचं असतं. साधी औषधं फोनवरून सांगता येतात. काही औषधांसाठी पहिल्या भेटीत व्हिडिओवर बघणं आवश्यक. आणि झोपेच्या व नशेच्या सवयीच्या काही गोळ्या तर फोनवरून लिहून देताच येत नाहीत. तेव्हा एखादे ओळखीचे डॉक्टर ‘हे फोनवर नाही देता येणार, दवाखान्यात या’ म्हणाले तर त्यांना शिष्ट समजू नये. उलट न बघता, न विचारता काहीही लिहून देणाऱ्यापासून जपावं. अनोळखी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येते.

पुण्यात किंवा मुंबईत नोकरी करणारी मुलं आणि मेहकरात राहणारे आई-वडील, अशी घरं इथे गल्लोगल्ली आहेत. वडिलांच्या तब्येतीचा कारभार फोनवर चालतो आणि तो बहुतेक वेळा अडतो तो एका फालतू गोष्टीवर: औषधाचं नाव. मेडिकलवाला पट्टी कापून चार गोळ्या देतो, नावाचा तुकडा त्याच्याकडेच राहतो, आणि घरी ‘ती पांढरी, सकाळची’ एवढीच ओळख उरते. महिन्याची औषधं आणली की पूर्ण पट्टीचा, नाव आणि मिलिग्राम दिसेल असा फोटो काढून ठेवावा. रिपोर्टचा फोटो काढताना वरचं नाव-तारीख आणि उजवीकडचा सामान्य मर्यादेचा रकाना कापू नये. नुसता आकडा पाठवला तर डॉक्टर त्यावर काय बोलणार. पुरळ किंवा जखमेचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, एक जवळून आणि एक थोडा लांबून. आणि सगळ्यात वरती एक ओळ लिहिलेली असावी: वय, जुने आजार, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी. एवढं तयार असलं की पाच मिनिटांच्या बोलण्यातून काम होतं.

काही वेळा मात्र फोनवर बोलत बसू नये. छातीत दाबल्यासारखं दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, बाळंतपणात अंगावर जास्त जाणं, झटके, आणि सोयाबीन-तुरीच्या हंगामात साप चावणं किंवा फवारणी करताना चक्कर येऊन उलटी होणं. साप चावल्यावर त्याचा फोटो काढायला शेतात शोधाशोध करणारी आणि मग ग्रुपवर ‘विषारी आहे का’ विचारणारी मंडळी वाढली आहेत. प्रतिविष दवाखान्यात असतं. 108 ला फोन लावावा; गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईसाठी 102. नुसता सल्ला हवा असेल तर 104, आणि मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर टेलि-मानसचा 14416. विदर्भात या शेवटच्या नंबरची गरज काय आहे हे कुणाला समजावून सांगायला नको, तरी तो दवाखान्यांच्या भिंतींवर क्वचितच दिसतो.

कार्डांचा घोळ वेगळाच. ‘आभा’ आणि ‘आयुष्मान’ ही दोन कार्डं लोक एकच समजतात. आभा हा 14 आकडी क्रमांक आहे. त्याखाली आपले रिपोर्ट आणि चिठ्ठ्या जोडता येतात, दवाखान्याच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी लवकर होते. त्यातून उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या माणसाला उत्पन्न न पाहता ही सोय आहे. आभा काढणं ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून सरकारी दवाखान्यात कुणी उपचार नाकारू शकत नाही, आणि कोणाला कोणता रिपोर्ट दाखवायचा याची संमती देणं आणि काढून घेणं आपल्या हातात असतं.

या घोळातच ठगांचं फावतं. ‘कार्ड बंद पडलंय, या फाइलवर टॅप करा’ म्हणून एपीके फाइल येते. ती उघडली की मोबाइलच दुसऱ्याच्या ताब्यात. मोठ्या हॉस्पिटलचा नंबर गूगलवर शोधला की वर खोटा नंबर येतो आणि अपॉइंटमेंटसाठी किरकोळ रक्कम भरायची लिंक मिळते. नंबर चिठ्ठीवरून किंवा हॉस्पिटलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा, ओटीपी कुणालाही सांगू नये, आणि पैसे गेलेच तर लाजत न बसता त्याच तासात 1930 ला कळवावं. लवकर कळवलं तर रक्कम वाटेत गोठवता येते.

डॉक्टर, लॅबवाले आणि समाजसेवकांनाही एक सांगणं आहे, थोडं कडू. क्षयरुग्णांना पोषण आहाराची किट देतानाचे फोटो फेसबुकवर येतात: मध्ये पाहुणे, बाजूला खाली मान घातलेला रुग्ण. हेतू चांगला असतो. पण लग्नाच्या वयाच्या मुलीला टीबी आहे हे तालुक्याला कळवून तिचं काय भलं झालं? पिशवीचा फोटो टाकावा, चेहऱ्याचा नको. लॅबने रिपोर्ट पाठवताना नंबर दोनदा बघावा. घरातल्या एकाच मोबाइलवर सुनेचा रिपोर्ट सासऱ्याच्या हातात पडतो आणि त्यात गर्भाचा किंवा एचआयव्हीचा विषय असला तर पुढचं कोण निस्तरणार? एचआयव्हीबद्दलची गुप्तता राखणं तर 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ‘रिपोर्ट तयार आहे, कुणाच्या नंबरवर पाठवू?’ असं रुग्णालाच विचारायला किती वेळ लागतो?

मोबाइल कुणाचा, हा प्रश्न इथे सारखा आडवा येतो. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया सुमारे 38 टक्के आणि पुरुष 61 टक्क्यांच्या वर निघाले. खेड्यातली दरी याहून मोठी. त्याच काळात, मे 2021 मध्ये, 18 ते 44 वयोगटाच्या लसीची नोंदणी फक्त ऑनलाइन सुरू झाली आणि कोविन तेव्हा इंग्रजीतच होतं. मराठी आलं जूनमध्ये. शहरातली पोरं पटापट खेड्यातल्या केंद्रावरचे स्लॉट घेऊन गाडीने येऊन लस टोचून गेली, आणि त्या गावचे लोक दारात उभे राहिले. अ‍ॅप काढलं म्हणजे सोय झाली, असं समजणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत.

साध्या आवाजी फोनवर चालणारे प्रयोग म्हणूनच अधिक टिकले. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या ‘अरमान’ संस्थेने 2014 मध्ये मुंबईत ‘एममित्र’ सुरू केलं. गरोदर बाईला तिच्या भाषेत, तिने सांगितलेल्या वेळेला फोन जायचा. एकदा उचलला नाही तर पुन्हा. वाचता येणं, नेट असणं, काहीच लागत नाही. केंद्राची ‘किलकारी’ सेवाही याच तऱ्हेची, आणि फेब्रुवारी 2024 पासून ती महाराष्ट्रात आहे: गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला ध्वनिसंदेश. तो जातो सरकारी नोंदीत असलेल्या नंबरवर. म्हणजे नोंदणीच्या दिवशी नवऱ्याचा नंबर लिहिला आणि नवरा कामाला सुरतेला असला, तर लोहाच्या गोळ्यांची माहिती सुरतेत वाजते. नाव नोंदवताना ‘दिवसभर घरात राहणारा फोन कुणाचा?’ असं विचारावं, आणि सिम बदललं की आशाताईंना लगेच सांगावं.

आशाताईंवर हे सगळं येऊन पडतं हेही बघायला हवं. ऑक्टोबर 2023 च्या संपात राज्यभरातल्या आशांनी मानधनासोबत ऑनलाइन कामांचा मुद्दाही लावून धरला होता, आणि त्यात चूक काही नव्हतं: रजिस्टर भरायचं, तेच पुन्हा अ‍ॅपमध्ये भरायचं, रिचार्ज कुणाचा तर बऱ्याचदा स्वतःचा. रात्री 11 वाजता ग्रुपवर आलेल्या प्रश्नालाही तिनेच उत्तर द्यावं अशी गावाची अपेक्षा असते. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा: ग्रुपवर दिवसा उत्तर कोण देणार, रात्री काय करायचं, आणि रिचार्जचा खर्च कुठून. समितीला अबंधित निधी मिळतो. त्यातून काय बसतं हे ग्रामसेवक आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ठरवता येईल. नावं ठरली की नंबरांसह ती अंगणवाडीच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्यावीत, कारण ग्रुपमध्ये नसलेली बाईही महिन्यातून एकदा तरी तिथे येतेच.